कच्चा राहिलेला बटाटा

टाकीमागची रोपं मेली नव्हती, एवढंच झालं. मेली असती तर त्यानं ती मुकाट्यानं उचलून खड्ड्यात टाकली असती, कोपरापर्यंत हात धुतले असते आणि आपल्याला वाटलं तसंच झालं, या कडवट समाधानावर उरलेला दिवस ढकलला असता. त्याच तयारीनं तो सकाळी रोपवाटिकेच्या मागच्या अंगाला गेला होता. रिकाम्या कुंड्यांची चवड त्यानं बाजूला सरकवली, तर पाण्याच्या टाकीमागे उन्हाच्या चिंचोळ्या पट्ट्यात लिंबाची रोपं गुडघ्याला लागतील एवढी उंच उभी. गर्द हिरवी, पानं तेल लावल्यासारखी तुकतुकीत. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कुणी बघत नाही ना म्हणून त्यानं आधी मागं वळून पाहिलं. पुढच्या मोठ्या शेडमध्ये त्याच बियाण्याची, त्याच दिवशी लावलेली रोपं बोटाएवढी होऊन थांबली होती. पिवळी, रुसलेली, ना मरत होती ना वाढत होती. खतं देऊन झाली, पाणी कमीजास्त करून झालं. सगळी खेप उद्या टाकून द्यायची, असं रोपवाटिकेच्या मॅडमनी कालच सांगितलं होतं. आणि इथं, ज्या मातीला तो मनातल्या मनात विष म्हणत आला होता, तिच्यात ही कार्टी खुशाल मातली होती.

माती वाफवणं हे त्याचं काम. रोपं लावायच्या आधी मातीचे ढीग ताडपत्रीखाली झाकायचे, बॉयलरचा पाइप आत सोडायचा आणि मातीतला सगळा रोगराईचा कारभार उकडून काढायचा. रोपवाटिकेत त्याला 'वाफारे' म्हणत. आडनाव वाटावं इतकं ते त्याला चिकटलं होतं. पगार लिहिणारा कारकूनही एकदा तेच लिहून बसला होता. माती शिजली की नाही हे ओळखायची त्याची रीत जुनी होती, आधीच्या वाफवाल्यानं शिकवलेली. ढिगाच्या पोटात एक कच्चा बटाटा पुरून ठेवायचा. बटाटा शिजला की माती शिजली. मॅडमनी चांगला थर्मामीटर आणून दिला होता, तो काचेच्या कपाटात सुखानं नांदत होता. आधीचा वाफवाला बटाट्याला सुरी टोचून बघायचा, आत गेली की वाफ बंद करायचा आणि तो बटाटा मीठ लावून खायचाही. ह्याच्या हातात वाफ आली तेव्हा तोही खायचा. पण गेली दोन वर्षं त्याच्या ढिगातून खाण्याजोगा बटाटा निघालाच नव्हता. बटाट्याचा पार लगदा होऊन तो मातीत मिसळून जाईपर्यंत तो बॉयलर चालू ठेवी. पोरं चिडवत, वाफारे, माती शिजवताय की तिचे प्राण काढताय? तो हसण्यावारी नेई. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि त्याचं तोंड कुठं पोळलं होतं ते रोपवाटिकेत सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी मूळकूज आली होती. रोपं उभीच्या उभी माना टाकत गेली, उपटलं की मूळ हातात यायचं ते काळं, बुळबुळीत, वास मारणारं. सगळी शेड जाळावी लागली होती. त्याच वर्षी त्याची बायको गेली.

ताप आला, उतरला, पुन्हा चढला, आणि ज्याला सगळे साधा ताप म्हणत होते तो साधा नव्हता. घरात माणसं भरली. ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण, स्वयंपाकघर सांभाळत होती, बायकोच्या माहेरची मंडळी बाहेरच्या खोलीत बसली होती, कुणी कुणाचं सांत्वन करतंय तेच कळत नव्हतं. अशात त्याच्या मुलीच्या, ठकीच्या, थोरल्या मामी चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या होत्या, "तापात त्या पोरीचा फुलपाखराचा पोशाख शिवत बसली. पोरीनं हट्टच धरला ना! पडून राहिली असती तर वाचली असती." वाईट मनानं म्हणाल्या नसतीलही. लोकांना बोलायला काहीतरी लागतं. पण दारात ठकी उभी होती, सहा वर्षांची, हातात रिकामा पेला. तिनं ते ऐकलं, आणि तिनं ऐकलं हे त्यानं पाहिलं. त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना हात जोडले, आम्हा दोघांना जरा एकटं राहू द्या, म्हणाला. सगळे गेले. ताईसुद्धा गेली, तिची पिशवी भरताना दोनदा त्याच्याकडं बघून. सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण निवडत बसायची ताकद नव्हती. कोण काय बोलेल, कधी बोलेल, कुणाच्या हातच्या घासाबरोबर कुठला शब्द पोरीच्या पोटात जाईल, कसं ओळखायचं? त्यापेक्षा दार लावलेलं बरं. पोशाख त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंडाला चिकटपट्टी लावून कपाटावर टाकला. त्या शब्दाबद्दल तो ठकीशी कधीच बोलला नाही. पाणी घातलं नाही की तण वाळतं, असा त्याचा हिशेब. कामावरून आला की आधी साबणानं हात, मग ठकी. ताई रविवारी फोन करायची, तो म्हणायचा, सगळं ठीक. आणि ठीकच होतं. ठकी शाळेत जायची, गळ्यातल्या किल्लीनं दार उघडून घरी यायची, अभ्यास करायची, ताटात वाढलेलं निमूट संपवायची. फक्त बोलायची नाही. हो, नाही, झालं, नको, एवढ्यावर तिचा दिवस भागायचा. वर्गात सगळ्यांत बुटकी होती. डॉक्टर म्हणाले होते, पोर ठणठणीत आहे, रिपोर्टमध्ये काही नाही. अशीच असतात काही मुलं.

बटाटा कच्चा राहिला तो दिवस ठकीचाच होता. शेवटचा ढीग बॉयलरपासून लांब होता, तिथवर जाणाऱ्या पाइपाचा सांधा गळत होता, वाफ पोचता पोचता दमून जायची. तो सांधा बांधायलाच वाकला होता तेव्हा शाळेतून फोन आला. बाई म्हणाल्या, काळजीचं नाही, पण येऊन जाल का? कविता म्हणायला उभं केलं तर ठकी नुसती उभी राहिली. तास संपेपर्यंत. बाकीची मुलं आधी हसली, मग तीही गप्प झाली, म्हणाल्या. तो बॉयलर बंद करून तसाच धावला. दुसऱ्या दिवशी येऊन बटाटे उकरले, तर शेवटच्या ढिगातला बटाटा टणक निघाला, पुरला होता तसाच. त्यानं तो खिशात घातला. खरं तर ढीग पुन्हा वाफवायचा. पण बॉयलर थंड पडलेला, बाकीची माती पिशव्यांत भरून चाललेली, आणि कुणाला काही सांगायचं म्हणजे शाळेचंही सांगावं लागलं असतं. त्यानं त्या मातीच्या पिशव्या वेगळ्या भरल्या, रोपं लावली आणि टाकीमागं नेऊन ठेवली, पुढं कुंड्यांची चवड रचली. ठिबकची एक नळी तिकडं वळवली आणि पुन्हा तिकडं पाहिलं नाही. कूज सुरू होईल ती इथूनच, हे त्याला इतकं पक्कं माहीत होतं की टाकीजवळून जाताना तो श्वास धरायचा. बटाटा घरी आणून त्यानं काय केलं, आठवत नव्हतं. भाजीत घातला असेल.

आता एक रोप पिशवीसकट उचलून तो मॅडमच्या खोलीत गेला. मॅडम त्याच्याहून वयानं लहान, तोंडानं फटकळ, खोलीत एक सूक्ष्मदर्शक, एक शेगडी आणि कायम गार झालेला चहा. त्यांनी रोपाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"ही कुठली?"

"टाकीमागची."

"आणि टाकीमागं काय आहे?"

"माती तीच आहे. पण बटाटा कच्चा राहिला होता." मग सांधा, फोन, शाळा, कुंड्या, सगळं त्यानं एका दमात सांगून टाकलं. "चुकलंच माझं. आज टाकून देतो सगळी."

"हात तर लावून बघा," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी पिशवी फाडली.

त्यांनी त्या रोपाची बारीक मुळं कापली, शेडमधल्या एका पिवळ्या रोपाचीही कापली. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत उकळली, मग व्हिनेगर आणि शाई घातली, लिहायची साधी निळी शाई. जी बुरशी असेल ती शाई पिते, म्हणाल्या. खोलीत आंबट वास भरला. तो दाराशी उभा राहून वाट बघत होता. इस्पितळाच्या व्हरांड्यात अशीच वाट बघितली होती, तिथंही कुठूनतरी असाच आंबटसर वास यायचा, आणि आतून जो बाहेर येईल त्याच्या चेहऱ्याकडं तो बघायचा. मॅडमनी त्याला खुणेनं बोलावलं. पहिलं मूळ शेडमधलं. भिंगाखाली ते फिकट, स्वच्छ, पारदर्शक होतं, एक डाग नाही. त्याच्या मनात आलं, हे माझं काम. आणि अभिमानच वाटला म्हणा ना, क्षणभर. मग दुसरं मूळ. त्यात निळे धागे होते. मुळाच्या आत शिरलेले, पेशीपेशींतून फिरलेले, आणि जागोजागी पेशीच्या पोटात एक एक इवलं झाड, फांद्या फुटलेलं. मुळाबाहेरही धागे लोंबत होते, मातीचे कण धरून.

"लागण झालीय," तो म्हणाला.

"झालीय. पण चांगली." मॅडम त्याला बाजूला सारून स्वतः बघायला लागल्या. बघता बघता बोलत राहिल्या. "हे धागे मुळाच्या कितीतरी पुढं जातात. जिथं मूळ पोचत नाही तिथून खाणं आणून देतात. झाड त्यांना साखर देतं. लिंबाचं तर ह्यांच्यावाचून पान हलत नाही. तुम्ही उकडून उकडून हे सगळे मारलेत, वाफारे. मीही बघितलं नाही, माझंही डोकं गहाण पडलं होतं. मी आपली खत टाकतेय, खत टाकतेय. वाढून ठेवलंय, पण तोंडापर्यंत न्यायला कुणी नाही."

"पण मूळकूज? ती पण असेल ना ह्या मातीत?"

"असेल की. माती आहे ती, दवाखाना नाही. पण मुळावर जागा कुठाय तिला? इथं आधीच बिऱ्हाडं भरलीत. तुमच्या त्या स्वच्छ मातीत तिचा एक कण जरी कुणाच्या बुटाला लागून आला ना, तर सगळं रान मोकळं. आयत्या बिळावर नागोबा."

"आणि हे धागे? हे नाही उलटायचे?"

"उलटतात कधीकधी. खताचा मारा झाला, उजेड कमी पडला, की हेच नुसते बसून खातात. आपण लक्ष ठेवायचं. दुसरं काय करणार?"

त्यानं विचारावं की नाही असं करत विचारलं, "मग शेडमधली टाकायची नाहीत?"

"टाकायची कशाला? टाकीमागची माती मूठमूठ घालायची त्यांच्या बुडाशी. उद्यापासून. उपाशी आहेत हो ती, आजारी नाहीत." आणि चहाचा गार घोट घेऊन त्या म्हणाल्या, "आज वाफ बंद. जा घरी. तोंड बघा कसं झालंय."

जीव भांड्यात पडतो म्हणतात, त्याचा पडला तेव्हा त्याला प्रत्यक्ष आवाज आल्यासारखं वाटलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा खांदे कानांपासून खाली आले. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. दुपारची गर्दी नव्हती. उपाशी आहेत, आजारी नाहीत. हे वाक्य तो चघळत राहिला आणि दोन थांबे गेल्यावर त्याला कळलं की आपण रोपांचा विचारच करत नाही आहोत. ठकीची मनगटं आठवली, दप्तराच्या पट्ट्यांत अडकवलेली. डॉक्टरांचे रिपोर्ट आठवले, एक डाग नसलेले. त्यानं फोन काढून ताईला लावला. ताईनं पहिल्याच घंटेला उचलला आणि रविवार नसल्यामुळं घाबरून म्हणाली, "काय झालं? पोर बरी आहे ना?"

"बरी आहे. उपाशी आहे."

"उपाशी? अरे, काय देतोस काय तिला खायला?"

तो हसला. शेजारच्या सीटवरच्या माणसानं वळून पाहिलं. "तू ये," तो म्हणाला. "राहायला ये." पलीकडून ताई नाक ओढत म्हणाली, "पिशवी भरलेलीच आहे माझी," आणि तिनंच फोन ठेवला.

पण माणूस सुधारतो तोही हप्त्याहप्त्यानं. ताई येणार म्हटल्यावर त्याच्या डोक्यात आलं ते हे, की बरं झालं, आजच काचवाला येणार आहे; ताईलाही धुळीचा त्रास आहे. मागची गॅलरी काचेनं बंद करून घ्यायची त्याची कधीची इच्छा होती. गॅलरी एका बोळावर उघडायची. पलीकडच्या इमारतीची गॅलरी इतकी जवळ की तिथल्या कढईचा वास इकडं यायचा, आणि वासाबरोबर बायकांची बोलणी, रेडिओ, कुणाचं भांडण. ठकी शाळेतून आल्यावर तिथंच बसते हे त्याला माहीत होतं, कारण तिचा पाट तिथं असायचा. त्याच्या माहितीप्रमाणं ती तिथं अभ्यास करायची. काल त्यानं तिला सांगितलं होतं, उद्या काच बसली की धूळ यायची नाही. ती म्हणाली होती, बरं.

दार त्यानं नेहमीसारखं हळू उघडलं. आत कुणीतरी बोलत होतं. आधी त्याला वाटलं टीव्ही, मग वाटलं शेजारची मुलगी आली असेल, आणि त्याचा हात सवयीनं बेसिनकडं गेला. नळ सोडायच्या आधी त्यानं आवाज ओळखला. ठकीचा होता. सलग, धबाधबा, मध्ये श्वास घ्यायला विसरणारा. तो स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभा राहिला.

"...आणि मग पुन्हा नाही बोलता येणार, काच लागणार ना. बाबा म्हणतो धूळ येते."

"येतेच धूळ," बोळापलीकडून एका बाईचा म्हातारा, खरखरीत, चांगल्या तब्येतीचा आवाज म्हणाला. "माझ्याकडं पण येते. मी झाडते."

"म्हणून आज एक सांगून टाकते. पण आजी, ओरडायचं नाही."

"नाही ओरडत. सुईत दोरा ओवू दे तेवढा. हं."

"आईला ताप होता ना, तेव्हा ती माझा फुलपाखराचा ड्रेस शिवत होती. शाळेच्या नाटकाचा. मी हट्ट केला होता. म्हणून ती गेली. थोरली मामी म्हणाली."

त्याला धावत जावंसं वाटलं. तो भिंतीशीच थांबला. दोन वर्षं ज्या शब्दाला त्यानं पाणी घातलं नव्हतं तो वाळला नव्हता. तो शब्द एकटाच बसला होता तिथं, ऐसपैस, पोरीच्या आतली सगळी जागा त्याचीच, कारण दुसरं कुणी बसायला येऊच दिलं नव्हतं. त्याला आता पलीकडच्या बाईचीच भीती वाटली. ही काय बोलेल? बिचारी म्हणेल, अरेरे म्हणेल, असं बोलू नये बाळ, म्हणेल. एका शब्दावर सगळं होतं आणि तो शब्द एका परक्या म्हातारीच्या तोंडात होता. तिनं दोरा दातानं तोडला, तो आवाजसुद्धा त्याला ऐकू आला.

"कुठली मामी? शिवते का ती?"

"नाही."

"मग तिला काय कळतंय! ताप काय सुईतून चढतो होय? अगं, जन्म गेला माझा शिवण्यात. तापात शिवलंय, रडताना शिवलंय, नवऱ्याशी भांडत शिवलंय. सुईनं बोट टोचतं. माणूस जात नाही. उलट तापात नुसतं पडून जीव कावतो बघ, हातात काही असलं की बरं वाटतं. तुझ्या आईला बरं वाटत असणार." शिलाई मशीनचं चाक थोडं फिरलं, थांबलं. "रंग कुठला होता?"

"पिवळा." ठकीच्या आवाजात पाणी होतं, पण तो वाहत होता. "काळे ठिपके."

"रंगवलेले की शिवलेले?"

"शिवलेले. एक राहिला."

"मग आण की. लावून टाकू."

"बाबानं कुठंतरी ठेवलाय."

"विचार त्याला."

"नको. त्याला वाईट वाटतं. म्हणून मी घरात काही बोलतच नाही."

दाराची बेल वाजली. काचवाला होता, काखेत पट्ट्या, मागं दोन माणसं काच धरून जिन्यात उभी. त्यानं दार अर्धंच उघडलं आणि कुजबुजत म्हणाला, "नको. माप चुकलंय."

"चुकलं?" काचवाल्याचा अपमान झाला. "अहो, मापं मी स्वतः घेतलीत. केसाएवढा फरक निघायचा नाही."

"तुमचं नाही हो चुकलं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि तोंड हसत होतं. असल्या गिऱ्हाइकाशी वाद घालण्यात अर्थ नाही हे काचवाल्यानं ओळखलं, आणि तो माणसांवर ओरडत जिना उतरला.

त्यानं स्टूल ओढलं, कपाटावरची पिशवी काढली. चिकटपट्टी सुटेना, तेव्हा दातानं फाडली. पिवळ्या कापडाला बायकोचा म्हणता येईल असा वास उरला नव्हता, नुसता प्लॅस्टिकचा होता. त्याचंही त्याला फार वाईट वाटलं नाही. तो गॅलरीत गेला. ठकी पाटावरून उठून उभी राहिली, एकदम मिटलेली, पकडल्यासारखी. पलीकडच्या गॅलरीत शिलाई मशीनमागं एक जाडजूड म्हातारी चष्म्यावरून त्याच्याकडं बघत होती. त्यानं पोशाख पुढं धरला.

"एक ठिपका राहिलाय ना," तो म्हणाला.

म्हातारीनं कपडे वाळत घालायची काठी उचलली आणि बोळावरून इकडं सरकवली. "लटकवा इथं. काळा कपडा आहे माझ्याकडं. पण आता हा तिला येतोय का बघा आधी."

ठकीनं पोशाख अंगाला लावून पाहिला. दोन वर्षांपूर्वीचा, तरी येत होता जवळजवळ. मग ती पिवळ्या कापडाकडं बघत राहिली आणि हळूहळू तिचे डोळे मोठे झाले. खांद्यापाशी, जिथं त्यानं पकडलं होतं तिथं, मातीचा अंगठा उमटला होता. रेषान् रेषा दिसत होती.

"बाबा," ती म्हणाली, आधी घाबरून, मग तिला काय हसू फुटलं. "बाबा, तू हात नाही धुतलेस!"

त्यानं हातांकडं पाहिलं. नखांत टाकीमागची माती तशीच होती.

"राहून गेलं," तो म्हणाला, आणि त्याच हातानं त्यानं तिला जवळ ओढलं.